चातक आणि ठाकुर्लीचा खाडीकाठ

कालिदासाच्या ‘मेघदूता’तला चातक ज्या पक्ष्यावर बेतला आहे, तो पाहायला ठाकुर्लीकरांना फार लांब जायला नको. मात्र, आपण अनेकदा पावशालाच चातक म्हणतो. ‘पेर्ते व्हा’ अशी हाक घालणारा पावशा राखाडी, ससाण्यासारखा दिसणारा आणि बिनशेंडीचा. चातक मैनेएवढा, पण लांब शेपटीचा. वरून काळा, पोटाकडून पांढरा, डोक्यावर टोकदार शेंडी आणि पंखावर पांढरा ठिपका. आवाजावरून घोटाळा होतो, शेंडीवरून होत नाही.

चातक पावसाबरोबर येणारा पाहुणा मानला जातो. यावर आक्षेप असा, की दक्षिण भारतात तो बारमाही राहतो, मग पाहुणा कसा? आक्षेपात तथ्य आहे. 1783 साली निसर्गशास्त्रज्ञ बोडार्टने या जातीला शास्त्रीय नाव दिले, तेही दक्षिणेतल्या कोरोमंडल किनाऱ्यावरच्या पक्ष्यावरून. पण महाराष्ट्रात आणि उत्तरेत येणारे चातक मुख्यतः आफ्रिकेतून समुद्र ओलांडून, नैर्ऋत्य वाऱ्यांबरोबर येतात. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने 2020 मध्ये उपग्रह-टॅग लावून या प्रवासाचा माग काढायला सुरुवात केली, ती उगीच नव्हे. परंपरेने जोडलेले पाऊस-चातकाचे नाते त्यामुळे निव्वळ कविकल्पना ठरत नाही.

ठाकुर्लीत प्रश्न आहे तो चातकाला जागा उरण्याचा. 1854 मध्ये रेल्वे शेजारच्या कल्याणला पोहोचली, पुढे ठाकुर्लीला रेल्वेचे वीजघर उभे राहिले, नंतर इमारती. चातक अंडी सातभाई पक्ष्यांच्या घरट्यांत घालतो. सातभाई झुडपांत राहतात. म्हणून खाडीकाठची झुडपे तोडू नका, आणि जून ते सप्टेंबर तिथेच शेंडी शोधा.