जिंतूरचं जुनं 'शहर' : हैदराबादच्या टेबलावरचा आपला इतिहास

इअरफोन लावलेत ना? आणि जेवण झालंय का? नसेल तर आधी काहीतरी खाऊन या. आजचा भाग रिकाम्या पोटी ऐकाल तर हाल होतील, मग मला शिव्या द्यायच्या नाहीत.

सुरुवात परभणी स्टेशनवरून करूया. आमच्या जिंतूरला रेल्वे नाही. एसटीनं किंवा काळीपिवळीनं चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर परभणी गाठायची, मग गाडी. तिथे देवगिरी एक्स्प्रेस येते. एका बाजूनं आली तर मुंबईला नेते, दुसऱ्या बाजूनं आली तर सिकंदराबादला. गाडीचं नाव तेच, डबे तसेच, फक्त तोंड वेगळीकडे.

आज जिंतूरच्या कुठल्याही पोराला विचारा, 'मोठं शहर कोणतं रे?' तो म्हणणार पुणे. फार तर मुंबई किंवा संभाजीनगर. माझे आजोबा मात्र शेवटपर्यंत नुसतं 'शहर' म्हणायचे आणि त्यांचं शहर म्हणजे हैदराबाद. ते १९५० च्या दशकात तिथे शिकायला होते. परीक्षेत काय लिहिलं ते त्यांना आठवत नव्हतं, पण कुठे काय खाल्लं ते सगळं पाठ होतं. त्यांची यादी मी लहानपणापासून ऐकलीय आणि शेवटचं वाक्य ठरलेलं असायचं, 'आजीला सांगू नको.' कारण घर माळकरी.

त्यांच्या पश्चात मी ती यादी घेऊन उलट्या दिशेची गाडी पकडली. आज तीच यादी आपण चाखायची आहे. पण हा फूड व्लॉग नाही, इतिहासाचा पॉडकास्ट आहे. म्हणून प्रत्येक ताटासोबत एक प्रश्न राहील: जे शहर एकेकाळी आपलं होतं, ते आपलं असणं थांबलं कसं?

आधी थोडा नकाशा

जिंतूर, परभणी, सगळा मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे. कोर्टाचं मोठं काम, सरकारी अर्ज, कॉलेज, सगळ्यासाठी हैदराबाद गाठायचं. १९०० च्या सुमारास गोदावरी खोऱ्यातून मनमाड ते सिकंदराबाद मीटरगेज रेल्वे सुरू झाली आणि परभणीहून राजधानी एका रात्रीवर आली. मुंबईला जायचं तर मनमाडला सामान उतरवून गाडी बदलावी लागायची. हे थेट १९९० च्या दशकात ब्रॉडगेज होईपर्यंत चाललं. म्हणजे रूळसुद्धा हैदराबादकडेच ढकलत होते.

आणि हा रस्ता एकतर्फी नव्हता बरं का. निजामांची राजधानी आधी आपल्या औरंगाबादेतच होती. निजाम अलीच्या काळात, १७६३ च्या सुमारास, ती हैदराबादला गेली. राजधानी हलते तेव्हा नुसती दप्तरं हलत नाहीत. आचारी हलतात, भांडी हलतात, मसाल्याचे डबे हलतात. ज्याला आपण 'हैदराबादी' म्हणतो त्या स्वयंपाकाचा एक मुक्काम मराठवाड्यात झालाय, हे लक्षात ठेवा.

पहिला थांबा : चहा

आजोबा काचीगुडा स्टेशनवर उतरायचे. १९१६ सालची ती घुमटवाली इमारत अजून उभी आहे. उतरलं की आधी इराणी चहा.

या चहाची गंमत त्याच्या करण्यात आहे. आपण घरी पाणी, दूध, साखर, पत्ती सगळं एकत्र उकळतो. इथे चहाचं पाणी वेगळं, झाकण घट्ट लावून मंद आचेवर तासन् तास मुरवलेलं. दूध वेगळं, आटवून घट्ट केलेलं. कपात आधी एक, वरून दुसरं. सोबत उस्मानिया बिस्कीट, थोडं गोड, थोडं खारट. काहीजण म्हणतात ते उस्मानिया दवाखान्यातल्या रुग्णांसाठी सुरू झालं, काहीजण म्हणतात सातवे निजाम उस्मान अलींच्या आवडीतून. हैदराबादी माणूस दोन्ही गोष्टी तितक्याच खात्रीनं सांगतो.

ही हॉटेलं चालवणारे इराणी लोक यझ्द आणि केरमान भागातून मुंबई-पुण्यामार्गे दक्षिणेत उतरले. आबिड्सचं ग्रँड हॉटेल १९३५ पासूनचं. आजोबांना या हॉटेलांची एक गोष्ट फार मोठी वाटायची. तिथे टेबलावर बसताना जात कुणी विचारत नसे. ज्या काळात आपल्या गावाकडच्या चहाच्या हॉटेलांत दलितांची कपबशी वेगळी, बाहेर ठेवलेली असायची, त्या काळात संगमरवरी टेबलाभोवती चार अनोळखी माणसं एकाच किटलीतला चहा प्यायची. आजोबा म्हणायचे, 'मी पहिल्यांदा कुणाच्या शेजारी बसलोय याचा विचार न करता चहा प्यालो तो तिथं.' गावात त्यांनी असा चहा प्यायला अजून बरीच वर्षं जावी लागली.

दुसरा थांबा : सकाळची खिचडी

खिचडी, खिमा, खट्टा. हैदराबादचा सकाळचा नाश्ता. मसूर डाळीची पिवळी खिचडी, शेजारी कोरडा खिमा, आणि वाटीत खट्टा. खट्टा म्हणजे तीळ आणि चिंचेची पातळ, आंबट चटणी, वर कच्चा कांदा.

पहिला घास घेतला आणि मला घर आठवलं. तीळ, चिंच, डाळ-तांदूळ! चिंच घातलेलं आंबट वरण खात वाढलेल्या माणसाला हे परकं वाटेल कसं? त्यात वाढपी विचारतो, 'और डालूं?' आणि शेजारचा म्हणतो, 'नक्को!'

हा 'नक्को' आपलाच आहे मंडळी. मराठीतला 'नको' हैदराबादच्या दखनी बोलीत जाऊन बसलाय. त्यांचं 'वैसाइच', 'मैंइच' यातला शेवटचा 'च' पण आपलाच. आपण एकमेकांच्या ताटात जेवलो म्हणून एकमेकांच्या बोलण्यातही उतरलो.

तिसरा थांबा : बिर्याणी

आता मुख्य ताट. पत्थरगट्टीजवळच्या मदिना इमारतीतलं मदिना हॉटेल, १९४७ सालचं. या इमारतीचं भाडं एकेकाळी अरबस्तानातल्या मदिना शहरातल्या गरजूंसाठी जायचं, म्हणून हे नाव. सिकंदराबादचं पॅराडाइज १९५३ चं. आज एवढं मोठं नाव, पण सुरुवात पॅराडाइज टॉकीजला लागून असलेल्या छोट्या कँटीननं झाली.

हैदराबादी बिर्याणी 'कच्ची' असते. म्हणजे मटण आधी शिजवत नाहीत. दही, आलं-लसूण, कच्ची पपई, तळलेला कांदा आणि मसाले लावून मुरवतात, कच्चंच भांड्याच्या तळाशी लावतात. त्यावर अर्धवट शिजलेला तांदूळ. झाकणाच्या कडेला कणीक लावून वाफ कोंडायची आणि खालून-वरून निखारे. तांदूळ आणि मटण एकाच वेळी तयार झालं पाहिजे. मध्ये उघडून बघायची सोय नाही. खरा कस आचाऱ्याच्या अंदाजाचा.

आजोबांच्या बोलण्यात मात्र बिर्याणीच्या आठवणीला एक सावली असायची. कारण त्यांच्या लहानपणी 'हैदराबाद' हा शब्द घरात दबक्या आवाजात उच्चारला जायचा. रझाकारांची दहशत होती. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ सप्टेंबरला निजामानं शरणागती पत्करली. तोच आपला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. पण त्यानंतरच्या दिवसांत अनेक ठिकाणी निरपराध मुसलमान मारले गेले. भारत सरकारनं पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं ते नोंदवलं आणि तो अहवाल बरीच वर्षं लोकांसमोर आला नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एक सांगताना दुसरी लपवायची गरज नाही.

अशा वेळेनंतर जेमतेम काही वर्षांत जिंतूरचा एक माळकरी घरातला मुलगा चारमिनारजवळ मुसलमान आचाऱ्याच्या हातची बिर्याणी खातो. ते त्याचं बंड वगैरे नव्हतं, त्याला भूक लागली होती. पण त्या भुकेमुळे त्याच्या डोक्यातलं 'ते लोक' हे भूत कायमचं उतरलं. एवढं मला नक्की माहीत आहे, कारण मी त्यांच्या घरात वाढलो.

चौथा थांबा : हलीम

थांबा, अळीवाच्या लाडवातलं हलीम नाही! हे रमजानमधलं. गहू, डाळ, मटण आणि तूप तासन् तास शिजवून लाकडी घोटण्यानं घोटायचं, इतकं की गहू कुठला आणि मटण कुठलं कळू नये. २०१० साली हैदराबादी हलीमला भौगोलिक मानांकन मिळालं. मांसाहारी पदार्थाला असा मान मिळण्याची ही देशातली पहिलीच वेळ.

हलीमचं मूळ अरबांच्या 'हरीस'मध्ये आहे. निजामाच्या फौजेत येमेनच्या हद्रमौत भागातले अरब शिपाई होते. हैदराबादेत त्यांच्या बराकी होत्या तो भाग आजही 'बारकस' म्हणून ओळखला जातो. आणि आता आपल्या गल्लीत बघा. मराठवाड्यात चाऊस आडनावाची घरं आहेत ना? ती याच अरब शिपायांची परंपरा. तुमच्या वर्गातल्या चाऊसच्या आडनावात आणि हलीमच्या वाटीत एकच प्रवास आहे.

मदिना हॉटेलात हलीम १९५६ साली विकायला आलं, असं हैदराबादी लोक सांगतात. १९५६! हे साल धरून ठेवा.

पाचवा थांबा : शाकाहारी थाळी आणि परतीचा खाऊ

रोज बिर्याणी खायला विद्यार्थ्याकडे पैसे कुठले? महिनाअखेर आबिड्सच्या ताजमहाल हॉटेलची साधी थाळी, हे १९४८ चं दाक्षिणात्य शाकाहारी हॉटेल. नाहीतर सुलतान बाजार, काचीगुडा भागातल्या ओळखीच्या मराठी घरी वरण-भात. हो, हैदराबादेत मराठी वस्ती होती आणि आजही आहे. परभणी भागातून गेलेले केशवराव कोरटकर तिथे हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. त्यांच्यासारख्या मंडळींनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तिथे विवेकवर्धिनी ही मराठी शाळा उभी केली.

आणि निघताना मोअज्जम जाही मार्केट. १९३५ चं हे दगडी मार्केट, तिथलं फळांचं आइस्क्रीम, आणि शेजारची कराची बेकरी. ती १९५३ साली फाळणीत सिंधमधून आलेल्या खानचंद रामनानी यांनी काढली. फ्रूट बिस्किटांचा डबा घेऊन आजोबा गाडीत बसायचे. आजीला कळायचं तेवढं फक्त हेच.

आता टेबल मोजा. इराणी चहा, अरबी हलीम, सिंधी बिस्कीट, दाक्षिणात्य थाळी, मराठी वरण-भात. हे शहर बाहेरून आलेल्यांनीच चविष्ट केलं. त्यात आपणही होतो.

मग आपण उठलो कधी?

१ नोव्हेंबर १९५६. हैदराबाद राज्याचे भाषेनुसार तुकडे झाले. तेलुगू भाग आंध्रात, कन्नड भाग म्हैसूरमध्ये, मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात. पुढे १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. मराठी माणसानं मराठी राज्यात यावं यात चूक काहीच नव्हती. आपल्याला तेच हवं होतं, त्यासाठी लोक झटले होते.

पण त्यानंतर हैदराबादला जायची कारणं एकेक करून संपली. सचिवालय मुंबईला. १९५८ साली औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठ निघालं, मग उस्मानियाला कशाला जायचं? १९८० च्या दशकात हायकोर्टाचं खंडपीठही औरंगाबादेत आलं. सगळं सोयीचं झालं, चांगलंच झालं. फक्त शहर सुटलं. कुणी बंदी घातली नव्हती, भांडण झालं नव्हतं. कामच उरलं नाही, म्हणून जाणं थांबलं.

आजोबासुद्धा १९५६ नंतर एकदाही गेले नाहीत. मी विचारायचो, 'का नाही गेलात?' ते म्हणायचे, 'काम कुठं होतं?' आमच्या पिढीला नवल वाटेल, पण त्या माणसाला नुसतं खायला म्हणून शहराला जाता येतं हे सुचलंच नाही. अर्जाचं, परीक्षेचं, कोर्टाचं निमित्त हवं होतं.

मी काचीगुड्याजवळच्या एका हॉटेलात बसून चहा मागवला. समोरच्या खुर्चीवर एक म्हातारे चाचा येऊन बसले, न विचारता. 'कहां से?' मी म्हटलं, परभणी. ते हसले आणि म्हणाले, 'अरे, अपनेइच लोगां.' सत्तर वर्षांपूर्वी नकाशावर मारलेली रेघ त्यांच्यापर्यंत पोचली नव्हती. मी दोन उस्मानिया मागवली, एक त्यांना दिलं.

तर मंडळी, या आठवड्याचं काम. घरात ऐंशीच्या पुढचं कुणी असेल तर त्यांच्याजवळ बसा आणि विचारा, 'तुमच्या वेळी शहर म्हणजे कुठलं?' आणि मग हळूच, 'तिथं काय खाल्लं?' फोनवर रेकॉर्ड करा. पुस्तकात न आलेला मराठवाडा त्या उत्तरात सापडेल. आणि पुढच्या वेळी परभणीला उभे असाल, तर एकदा दुसऱ्या बाजूच्या देवगिरीत बसून बघा. काम नसलं तरी चालेल.

भेटू पुढच्या भागात. तोवर पोटभर जेवा!