कुंपण आणि वैनगंगा

मागच्या शनिवारी भंडाऱ्याला मामांकडे गेलो होतो. वैनगंगेच्या पुलावर पाच मिनिटं थांबलो. पाणी हलतच नव्हतं, कडेला जलपर्णी माजलेली. मामा म्हणाले, "हे तं सगळं नागपूरचं देणं हाये, बाबू."

म्हटलं, जरा इतिहास तपासून बघू.

१९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली. १९६४ मध्ये सरकारने उद्योगांसाठी सवलतींची योजना आणली. मुंबई-ठाणे-पुण्यात दाटलेले कारखाने मागास भागात जावेत, हा हेतू. पुढे तालुक्यांना ए, बी, सी, डी, डी प्लस अशा ग्रेड मिळाल्या. तालुका जितका मागास, तितकी सवलत जास्त. पितळी भांडी, विड्या, कोसा आणि धान यांवर जगणाऱ्या भंडाऱ्याला कारखाने हवेच होते. ऐंशीच्या दशकात गडेगावला अशोक लेलँड आलं, वरठीला सनफ्लॅगचा पोलाद कारखाना. घरोघरी महिन्याचा पगार येऊ लागला. मामांचं घरही अशाच एका नोकरीवर उभं राहिलं, तेव्हा त्याला नावं ठेवणारा मी कोण?

पण तारखांचा क्रम बघा. महाराष्ट्राचा जलप्रदूषणाचा कायदा १९६९ चा, प्रदूषण मंडळ १९७० चं, केंद्राचा कायदा १९७४ चा. म्हणजे आधी प्लॉट, मग नदी! औद्योगिक क्षेत्राचा एक खरा फायदा आहे. अनेक कारखाने एका जागी असले की सांडपाण्याचं एकच सामायिक केंद्र परवडतं. पण कारखान्यामागून माणसं येतात. त्यांच्या कॉलन्या कुंपणाबाहेर वाढतात आणि त्यांचं सांडपाणी नगरपालिकेच्या गळ्यात पडतं.

नागपूर काही फक्त हिंगणा-बुटीबोरीमुळे वाढलं नाही, हे मान्य. पण वाढलेल्या शहराचं पाणी नाग नदीतून कन्हानला आणि कन्हानमधून वैनगंगेला मिळतं. पूर्वी ते निदान वाहून तरी जायचं. १९८८ साली राजीव गांधींनी गोसेखुर्द धरणाची पायाभरणी केली. पुढे धरणात पाणी अडलं आणि फुगवटा मागे भंडाऱ्यापर्यंत आला. आता नागपूरची घाण इथेच मुक्कामाला असते.

आमच्या धंद्यात एक लबाडी चालते. आपल्या मॉड्यूलचा लोड गुपचूप दुसऱ्याच्या सर्व्हरवर ढकलायचा आणि "आमचा कोड किती फास्ट!" म्हणून मिरवायचं. औद्योगिक क्षेत्राची पर्यावरणीय कार्यक्षमता कुंपणाच्या आत मोजणं म्हणजे तेच. सवलतीचा हिशोब तालुक्यावर होतो, पण नदीला तालुका कळत नाही. हिशोब अख्ख्या खोऱ्याचा हवा.

हे अशक्य नाही. भांडेवाडीला शुद्ध केलेलं नागपूरचं सांडपाणी आता कोराडीच्या वीजकेंद्राला वापरतात. म्हणजे तेवढं धरणाचं चांगलं पाणी वाचतं आणि नाग नदीवरचा भारही कमी होतो. कुंपणाबाहेर बघितलं की असा मार्ग सापडतो.

असो. निघताना मामींनी पाण्याची बाटली हातात दिली. "फिल्टरचं हाये," असं आवर्जून सांगितलं. नदी घरापासून दहा मिनिटांवर आहे.