टेकडाउन नोटीस

टेकडाउन नोटीस : इंटरनेटवरचा एखादा मजकूर, चित्र, ध्वनिफीत किंवा व्हिडिओ आपल्या कॉपीराइटचा भंग करतो, सबब तो काढून टाकावा, अशी हक्कधारकाने संकेतस्थळाच्या चालकाकडे केलेली लेखी मागणी. कोर्टाची पायरी न चढता, न्यायाधीशापुढे पुरावा न ठेवता, केवळ या मागणीवर मजकूर हटतो हे तिचे वैशिष्ट्य. तिच्याविषयीच्या बहुतेक वादांचे मूळही तेच. चित्रपटाची चोरटी प्रत उतरवायला जी नोटीस लागते, तीच टीकाकाराचा व्हिडिओ उतरवायलाही चालते.

या पद्धतीचा उगम अमेरिकेतला. तिचे बीज ज्या खटल्यात सापडते तो खटलाही टीकाकाराविरुद्धचाच होता, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. चर्च ऑफ सायंटॉलॉजी या पंथाच्या एका माजी साधकाने संस्थापक एल. रॉन हबर्ड यांचे लेखन टीकाटिप्पणीसह इंटरनेटच्या चर्चागटावर टाकले. पंथाच्या संस्थेने त्याच्याबरोबरच त्याला जोडणी पुरवणाऱ्या नेटकॉम कंपनीलाही कोर्टात खेचले. १९९५ साली कॅलिफोर्नियाच्या न्यायालयाने सांगितले, की नुसती तार पुरवणारा थेट दोषी ठरत नाही. मात्र भंगाची माहिती मिळूनही तो हातावर हात ठेवून बसला, तर त्याच्यावर जबाबदारी येऊ शकते. माहिती कळवली की जबाबदारी सुरू होते, हे सूत्र तिथून पुढे आले.

२८ ऑक्टोबर १९९८ रोजी राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी डिजिटल मिलेनियम कॉपीराइट ॲक्टवर सही केली आणि या सूत्राचा कायदा झाला. चित्रपट आणि संगीत कंपन्यांना इंटरनेटवरच्या प्रत्येक प्रतीसाठी जोडणी देणाऱ्यांना जबाबदार धरायचे होते. दूरध्वनी व इंटरनेट कंपन्यांना त्यातून सुटका हवी होती. कलम ५१२ ही या दोघांमधली तडजोड. नोटीस येताच मजकूर हटवा, वारंवार भंग करणाऱ्यांची खाती बंद करा, मग तुमच्या अंगावर नुकसानभरपाई येणार नाही, असे अभय तिने मध्यस्थांना दिले. हे अभय नसते तर यूट्यूबसारखे व्यवसाय उभेच राहिले नसते, हा दावा खरा आहे. पण अभयाची किंमत कोण मोजतो, हे पाहायचे तर नोटिशीचा आणि तिच्या उत्तराचा नमुना शेजारी शेजारी ठेवावा.

नोटीस देणाऱ्याने आपली कलाकृती कोणती, भंग करणारा मजकूर कुठे आहे आणि आपला संपर्क काय एवढे लिहायचे. भंग झाला आहे असे आपण ‘सद्भावनेने’ मानतो, एवढे म्हटले की पुरे. खोटी शपथ घेतल्याचा गुन्हा लागू होतो तो एकाच विधानाला : आपण हक्कधारक आहोत किंवा त्याच्या वतीने बोलण्याचा अधिकार आपल्याला आहे. ज्याचा मजकूर गेला त्याला उलट नोटीस देता येते. पण मजकूर चुकून किंवा गैरसमजाने हटवला गेला, हे मुख्य म्हणणेच त्याला शपथेवर मांडावे लागते. शिवाय आपले नाव, पत्ता, दूरध्वनी क्रमांक द्यायचा आणि अमेरिकी संघीय न्यायालयाचा अधिकार मान्य करायचा. ही सगळी माहिती तक्रारदाराकडे जाते. सोलापुरात बसून टोपणनावाने चॅनेल चालवणाऱ्यालाही यातून सूट नाही. त्यानंतरही मजकूर लगेच परत येत नाही. तक्रारदाराला दावा लावायला वेळ मिळावा म्हणून किमान १० आणि कमाल १४ कामकाजाचे दिवस थांबावे लागते. मतदानाच्या आठवड्यात उतरवलेला व्हिडिओ निकालानंतर परत आला, तरी कायद्याच्या हिशेबी सारे यथास्थित झालेले असते.

मध्यस्थाचा हिशेब तर आणखी सोपा आहे. मजकूर ठेवला तर धोका, हटवला तर काहीच नाही. कोणी दुष्टपणा करण्याचीही गरज नाही. या रचनेत घाबरट कारकुनी निर्णयच शहाणपणाचा ठरतो.

याचा सर्वांत बोलका दाखला डीबोल्ड प्रकरणाचा. ही कंपनी अमेरिकेतल्या अनेक राज्यांना इलेक्ट्रॉनिक मतदानयंत्रे पुरवत असे. २००३ साली तिच्या कर्मचाऱ्यांच्या अंतर्गत ईमेलचा मोठा साठा बाहेर फुटला. यंत्रांतल्या दोषांची त्यांत कर्मचाऱ्यांनीच आपापसांत चर्चा केलेली होती. पेन्सिल्वेनियातल्या स्वार्थमोर कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी तो साठा कॉलेजच्या सर्व्हरवर ठेवला. कंपनीने पत्रे खोटी असल्याचे म्हटले नाही. ती आपली आहेत, म्हणून त्यांवर आपला कॉपीराइट आहे, असे म्हटले. नोटिसा कॉलेजला गेल्या, इतर विद्यापीठांना गेल्या, आणि पत्रांकडे नुसता दुवा देणाऱ्या संकेतस्थळाला जोडणी पुरविणाऱ्या संस्थेलाही गेल्या. कॉलेजने मजकूर उतरवला. विद्यार्थी आणि ऑनलाइन पॉलिसी ग्रुप ही संस्था कोर्टात गेली. ३० सप्टेंबर २००४ रोजी न्यायाधीश जेरेमी फोगेल यांनी निकाल दिला, की मतदानयंत्रांच्या दोषांवरची पत्रे जनतेपुढे ठेवणे हा रास्त वापर, म्हणजे परवानगीशिवायही कायद्याला मान्य असलेला वापर, आहे, आणि हे ठाऊक असूनही डीबोल्डने भंगाचा दावा केला. कलम ५१२(एफ) नुसार जाणूनबुजून खोटी नोटीस दिल्याबद्दल जबाबदार धरली गेलेली ही पहिली कंपनी. भरपाई व खर्चापोटी तिने १ लाख २५ हजार डॉलर दिले. ही पत्रे कोणीही बाजारात विकत घेणार नव्हते. बुडणार होती ती अब्रू. आणि अब्रूसाठी कायदा वेगळा आहे, त्यात सत्य हा बचाव असतो. कॉपीराइटच्या दाव्यात तसा बचाव नाही, म्हणून कंपन्यांना तो दावा सोयीचा वाटतो.

कलम ५१२(एफ) चा उपयोग त्यानंतर क्वचितच झाला. २००७ साली एका आईने स्वयंपाकघरात नाचणाऱ्या तान्ह्या मुलाचा २९ सेकंदांचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकला. मागे गायक प्रिन्सचे गाणे वाजत होते. युनिव्हर्सल कंपनीच्या नोटिशीवरून तो उतरला. ‘लेन्झ विरुद्ध युनिव्हर्सल’ या नावाने खटला चालला आणि २०१५ मध्ये नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने म्हटले, की नोटीस देण्यापूर्वी रास्त वापराचा विचार करणे बंधनकारक आहे. मात्र तो विचार चुकला तरी चालेल, सद्भावनेने केलेला असावा. प्रकरण २०१८ मध्ये तडजोडीने मिटले. एवढ्या वर्षांत ते बाळ शाळेत जायला लागले होते.

राजकीय वापराची उदाहरणे पुढे वाढत गेली. इक्वेडोरचे अध्यक्ष राफाएल कोरिया यांच्या कारकिर्दीत, २०१२ नंतर, एरेस राइट्स ही स्पॅनिश कंपनी अमेरिकी कायद्याखाली नोटिसा पाठवून सरकारवर टीका करणारे व्हिडिओ उतरवत असे. सरकारी चित्रणाचे काही क्षण त्यांत आहेत, एवढे कारण पुरत होते. दुसरी युक्ती अधिक निर्लज्ज आहे. अडचणीची बातमी जशीच्या तशी उचलून बनावट संकेतस्थळावर ठेवायची, तिच्यावर जुनी तारीख घालायची आणि मग मूळ वृत्तपत्रानेच चोरी केली अशी नोटीस गूगलला द्यायची. बातमी शोधनिकालांतून गायब होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये खुद्द गूगलने कॅलिफोर्नियात दावा लावला. प्रतिस्पर्धी दुकानदारांच्या संकेतस्थळांवरची १ लाख १७ हजारांहून अधिक पाने शोधातून हटवण्यासाठी खोट्या नोटिसा दिल्याची तक्रार त्यात होती.

असे प्रकार उजेडात येतात ते बहुतांशी लुमेन या हार्वर्ड विद्यापीठाशी निगडित संग्रहामुळे. त्याची कथा पुन्हा सायंटॉलॉजीपाशी पोहोचते. २००२ साली त्या पंथाच्या नोटिशीवरून गूगलने नॉर्वेहून चालणाऱ्या एका टीकाकाराची पाने शोधातून वगळली. ओरड झाली, मुखपृष्ठ परत आले, आणि गूगल आपल्याकडे येणाऱ्या नोटिसा या संग्रहाकडे पाठवू लागले. तेव्हा त्याचे नाव ‘चिलिंग इफेक्ट्स’ असे होते. इतर कंपन्यांपैकी फार थोड्यांनी हा पारदर्शीपणा स्वीकारला आहे.

आज नोटीस हीच मुळी जुनी गोष्ट वाटावी अशी स्थिती आहे. यूट्यूबने २००७ मध्ये आणलेली कंटेंट आयडी ही यंत्रणा चढवल्या जाणाऱ्या प्रत्येक व्हिडिओची तुलना हक्कधारकांनी दिलेल्या नमुन्यांशी करते. जुळले की हक्कधारकाच्या पसंतीप्रमाणे व्हिडिओ अडवला जातो, किंवा त्यावरच्या जाहिरातीचे पैसे त्याच्याकडे वळतात. यातले काहीही कायद्यात लिहिलेले नाही. हा कंपनीचा घरचा नियम आहे आणि ठराविक मोठ्या हक्कधारकांनाच त्यात प्रवेश मिळतो. २०२१ च्या पहिल्या सहामाहीत या यंत्रणेने ७२ कोटींहून अधिक दावे नोंदवले. त्यांतल्या एका टक्क्याहूनही कमी दाव्यांना आव्हान मिळाले. पण जिथे मिळाले तिथे सुमारे ६० टक्के निर्णय व्हिडिओवाल्याच्या बाजूने लागले. कंपनी पहिल्या आकड्यावरून यंत्रणा अचूक असल्याचे सांगते. दुसरा आकडा वाचला तर लोक भांडायलाच जात नाहीत, असाही अर्थ निघतो, आणि तो अधिक पटण्यासारखा आहे. भांडण वाढले तर हक्कधारक रीतसर नोटीस देऊ शकतो, नोटिशीवरून व्हिडिओ उतरला की चॅनेलवर ‘स्ट्राइक’ पडतो, आणि असे तीन स्ट्राइक झाले की चॅनेल बंद होते. ज्याचे पोट त्यावर आहे तो स्ट्राइकची जोखीम घेऊन तत्त्वासाठी लढत नाही.

यंत्राला मालक कोण हे कळत नाही, याची हास्यास्पद साक्ष ऑगस्ट २०१२ मध्ये मिळाली. क्युरिऑसिटी यान मंगळावर उतरले. नासाने स्वतःच्या चॅनेलवर टाकलेला व्हिडिओ एका वृत्तकंपनीच्या दाव्यावरून थोड्याच वेळात हटला. नासाच्या चित्रणावर अमेरिकेत सहसा कोणाचाच कॉपीराइट नसतो. या यंत्राचा मुद्दाम फायदा घेण्याचाही प्रयत्न झाला : जून २०२१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंड येथे एक निदर्शक पोलीस अधिकाऱ्याचे चित्रण करत होता. अधिकाऱ्याने खिशातल्या फोनवर टेलर स्विफ्टचे गाणे लावले आणि हा व्हिडिओ आता यूट्यूबवर चढणार नाही, असे उघड सांगितले. त्या व्हिडिओला मात्र उलट अधिकच प्रसिद्धी मिळाली.

दुसरी बाजू मांडली नाही तर नोंद अपुरी राहील. नोटीस फुकट असते, वकील लागत नाही, म्हणून ती गरीब हक्कधारकाच्याही कामी येते. आपले छायाचित्र परस्पर वापरले गेलेला छायाचित्रकार, आपली कविता दुसऱ्याच्या नावाने फिरताना पाहणारी कवयित्री, यांना कोर्टाचा मार्ग परवडणारा नाही. २०१६ साली ‘सैराट’ प्रदर्शित झाल्यावर थोड्याच दिवसांत त्याच्या चोरट्या प्रती नेटवर फिरू लागल्या. अशा वेळी निर्मात्याला कायद्याने लगेच हात द्यायला हवा, याबद्दल कोणाचे दुमत नाही. वाद वेगाबद्दल नाही, खोटे बोलण्याला सहसा दंड होत नाही, याबद्दल आहे.

अमेरिकेबाहेर, युरोपीय संघाने २०१९ च्या कॉपीराइट निर्देशातील कलम १७ ने मोठ्या मंचांवर आधीच गाळणी लावण्याची जबाबदारी जवळपास टाकली. पोलंडने त्याला दिलेले आव्हान २०२२ मध्ये फेटाळले गेले.

भारतात दोन कायदे एकमेकांना छेदतात. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ७९ मध्यस्थांना अभय देते. पालघरमध्ये नोव्हेंबर २०१२ मध्ये फेसबुकवरच्या एका मजकुरावरून दोन तरुणींना अटक झाली आणि त्यातून श्रेया सिंघल खटला उभा राहिला. २४ मार्च २०१५ च्या निकालाने त्याच कायद्याचे, ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराला गुन्हा ठरवणारे कलम ६६ए रद्द झाले, हे सर्वांना आठवते. त्याच निकालाने कलम ७९ चा अर्थही बांधून दिला : कोणाही खाजगी व्यक्तीच्या पत्रावर नव्हे, कोर्टाच्या आदेशावर किंवा सरकारी अधिसूचनेवर मध्यस्थाने मजकूर हटवायचा. कॉपीराइट मात्र या भिंतीबाहेर राहिला. मायस्पेस आणि सुपर कॅसेट्स यांच्यातील दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये म्हटले, की कॉपीराइटच्या बाबतीत हक्कधारकाची नेमकी नोटीस पुरेशी आहे. परिणाम असा, की व्हिडिओतले म्हणणे खटकले तर कोर्टात जावे लागते. त्यात आपल्या मालकीची दहा सेकंदांची चित्रफीत सापडली तर जावे लागत नाही.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली झालेली दुरुस्ती आणि २०१३ चे नियम कागदावर अमेरिकी कायद्यापेक्षा समतोल आहेत. तक्रारीनंतर मध्यस्थाने ३६ तासांत मजकूर अडवायचा. तक्रारदाराने दावा लावण्याची हमी द्यायची. २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आला नाही तर मजकूर पुन्हा खुला करता येतो. समीक्षा, टीका आणि चालू घडामोडींचे वृत्त यांना कलम ५२ चे संरक्षण आहे. पण मोठे मंच अमेरिकी असल्याने भारतातला व्हिडिओही बहुधा त्यांच्या अमेरिकी अर्जावरूनच उतरतो.

कोर्टाचे आदेशही नेहमी नेमके असतात असे नाही. मद्रास उच्च न्यायालयाच्या ‘जॉन डो’ म्हणजे अज्ञात प्रतिवादींविरुद्धच्या आदेशांमुळे २०१२ मध्ये व्हिमिओसारखी अख्खी संकेतस्थळे बंद झाली, आणि न्यायालयाला आदेश विशिष्ट पत्त्यांपुरताच असल्याचा खुलासा करावा लागला. ऑगस्ट २०१७ मध्ये दोन हिंदी चित्रपटांसाठी अडीच हजारांवर संकेतस्थळे अडवली गेली. त्यांत इंटरनेट अर्काइव्हही होते, जिथे कितीतरी जुनी, दुकानात न मिळणारी मराठी पुस्तके वाचायला मिळतात. मुंबई उच्च न्यायालयात न्या. गौतम पटेल यांनी २०१६ मध्ये वेगळी वाट घेतली. ‘डिशूम’ आणि ‘ग्रेट ग्रँड मस्ती’च्या निर्मात्यांना त्यांनी सरसकट बंदी नाकारली आणि पडताळलेल्या पत्त्यांची यादी मागितली. निर्मात्याचे नुकसान आणि वाचकाचा हक्क एकाच तराजूत धरणारे भारतीय आदेश मोजकेच आहेत, हे त्यांतले.

मे २०२५ मध्ये मोहक मंगल या यूट्यूबरने आरोप केला, की एएनआय वृत्तसंस्थेने काही सेकंदांच्या चित्रफितींवरून त्याच्या व्हिडिओंना स्ट्राइक लावले आणि ते मागे घेण्यासाठी लाखो रुपयांचा परवाना घेण्यास सांगितले. संस्थेने आपण कायदेशीर हक्कच बजावत असल्याची भूमिका घेतली आणि दिल्ली उच्च न्यायालयात मानहानीचा दावा लावला. काही सेकंद दाखवून त्यावर भाष्य करणे हा रास्त वापर ठरतो का, हा मूळ प्रश्न त्या दाव्यात बाजूला पडला.

भारतीय कायद्यात निराधार धमकीवर उपाय आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६० खाली, ज्याला अशी धमकी मिळाली तो स्वतः दावा लावून मनाई आणि भरपाई मागू शकतो. हक्कधारकाने तत्परतेने भंगाचा दावा लावला तर मात्र हा मार्ग बंद होतो. यूट्यूबवर मराठीत बातम्या, समीक्षा किंवा विडंबन करणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हे कलम ठाऊक असते. स्ट्राइक आल्यावर पैसे देण्यापूर्वी किंवा व्हिडिओ स्वतःहून काढण्यापूर्वी ते वाचावे, मूळ फाइल आणि नोटिशीची प्रत जपून ठेवावी, आणि नोटीस लुमेनकडे पाठवावी.