बारदानाची फेरी

धान्याच्या वखारीत माल येतो नि जातो. मागे उरतं ते बारदान, आणि त्याचाही धंदा जुनाच आहे. 1855 साली हुगळीकाठी रिश्र्याला जॉर्ज अ‍ॅकलंडने भारतातली तागाची पहिली गिरणी उभी केली, पुढे कलकत्त्याची गोणी देशभर पोचली.

रिकामं पोतं झटकायचं, उन्हात टाकायचं, दाभण-सुतळीने ठिगळ लावायचं, की ते पुन्हा भरायला तयार. ठिगळासाठी कापड कुठलं? अगदीच फाटक्या पोत्याचं! त्याहून खालच्या पायरीवर गोणपाटाचं पायपुसणं व्हायचं, पावसाळ्यात शेतकऱ्याच्या डोक्यावर त्याची खोळ चढायची.

1947च्या फाळणीत गिरण्या इकडे राहिल्या, तागाची बरीचशी शेतं पूर्व पाकिस्तानात गेली.

पुढे प्लॅस्टिकची गोणी आली. स्वस्त, हलकी, पण उन्हात विरून तिच्या चिंध्या होतात आणि त्या शेतात वर्षानुवर्षं पडून राहतात. 1987च्या कायद्याने धान्य-साखरेसाठी तागाची गोणी सक्तीची करून तागाला आधार दिला, तोही मुख्यतः गिरण्या आणि शेतकरी तगावेत म्हणून. पर्यावरणाचं कौतुक नंतरचं.

2020च्या टाळेबंदीत बंगालच्या गिरण्या थांबल्या आणि गव्हाची सरकारी खरेदी तोंडावर आली. तेव्हा प्लॅस्टिकच्या गोण्यांबरोबर एकदा वापरलेली पोतीही सरकारने चालवून घेतली.