इंजिनाचे अपुरे तापणे

इंजिनाचे अपुरे तापणे हा द्रवाने थंड होणाऱ्या मोटार इंजिनांतील एक दोष आहे. इंजिन पुरेसा वेळ चालल्यावरही कूलंटचे तापमान ठरलेल्या पातळीपर्यंत न पोहोचणे, किंवा पोहोचून पुन्हा घसरणे, हे त्याचे स्वरूप होय. हा दोष बहुधा हिवाळ्यात लक्षात येतो. मात्र थंडी हे त्याचे मूळ कारण नसते. नाशिक शहराचे किमान तापमान हिवाळ्यात अनेकदा १० अंश सेल्सियसच्या खाली जाते, तर जिल्ह्यातील निफाड येथे काही वर्षी ते ५ अंशांखालीही नोंदले गेले आहे. निर्दोष इंजिन अशा हवेतही काही किलोमीटरांच्या प्रवासात आपले तापमान गाठते व टिकवते.

तापमानाचे नियमन

कूलंट रेडिएटरकडे केव्हा व किती जाऊ द्यायचा, हे थर्मोस्टॅट नावाची झडप ठरवते. तिच्यातील धातूच्या कुपीत मेण असते. तापल्यावर मेण वितळून प्रसरण पावते व दांडा ढकलून झडप उघडते. थंड झाल्यावर स्प्रिंग ती बंद करते. मेणावर चालणारा हा थर्मोस्टॅट सर्जियस व्हर्नेट यांनी १९३० च्या दशकात विकसित केला. मोटारींतील थर्मोस्टॅट सामान्यतः ८० ते ९० अंशांच्या दरम्यान उघडू लागतो. तोपर्यंत कूलंट इंजिनातच फिरत राहतो, त्यामुळे इंजिन लवकर तापते.

कारणे

* थर्मोस्टॅट उघड्या स्थितीत अडकणे. हे सर्वांत नेहमीचे कारण आहे.
* पूर्वीच्या दुरुस्तीत थर्मोस्टॅट काढून टाकलेला असणे किंवा कमी तापमानाला उघडणारा बसवलेला असणे.
* रिले चिकटल्यामुळे विजेवरील पंखा अखंड चालू राहणे, किंवा जुन्या रचनेत पंख्याचा क्लच जाम होणे.
* तापमानाचा सेन्सर, त्याची तार किंवा काटा सदोष असणे. अशा वेळी इंजिन प्रत्यक्षात गरम असते, केवळ नोंद चुकीची असते.
* कूलंट कमी असल्याने सेन्सर द्रवात न बुडणे. या स्थितीत काटा खाली असूनही इंजिन अतितप्त झालेले असू शकते; म्हणून ही शक्यता सर्वप्रथम तपासतात.

लक्षणे

तापमानाचा काटा मध्यापर्यंत न येणे, हीटरमधून कोमट हवा येणे आणि इंधनाचा खप वाढणे ही प्रमुख लक्षणे आहेत. थर्मोस्टॅट उघडा अडकला असल्यास काटा गाडीच्या वेगाबरोबर हलतो: शहरातील गर्दीत तो वर चढतो आणि महामार्गावर वाऱ्याचा झोत मिळताच उतरतो. कसारा घाटासारख्या लांब उतारावर ही घसरण विशेष ठळक होते. उतारावर इंजिनावर भार नसल्याने निर्दोष इंजिनाचे, विशेषतः डिझेल इंजिनाचे, तापमानही थोडे घटते. परंतु काटा तळाशी जात नाही.

निदान

पहिली तपासणी रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवर सकाळी करतात. इंजिन थंड असतानाच कूलंटची पातळी पाहतात. गरम रेडिएटरचे झाकण उघडल्यास उकळता द्रव अंगावर उडतो. त्यानंतर निदान-स्कॅनर जोडून कूलंटचे व आत येणाऱ्या हवेचे तापमान ताडून पाहतात. थंड इंजिनात दोन्ही आकडे जवळपास सारखे असावेत. मोठी तफावत सेन्सरकडे बोट दाखवते. सेन्सरची तार तुटली असल्यास बहुतेक गाड्यांत उणे ४० अंशांच्या आसपास नोंद दिसते.

मग इंजिन सुरू करून, पंख्यापासून हात दूर ठेवून, रेडिएटरकडे जाणारा वरचा होसपाइप चाचपतात. थर्मोस्टॅट इंजिनाच्या निर्गमाशी असलेल्या रचनेत हा पाइप प्रारंभी थंड राहून नंतर एकाएकी गरम व्हावा. तो सुरुवातीपासूनच हळूहळू कोमट होऊ लागल्यास थर्मोस्टॅट उघडा असल्याचे समजते. संगणकीय नियंत्रण असलेल्या गाड्यांत याच दोषासाठी बहुधा पी०१२८ हा संकेतांक नोंदला जातो.

काढलेला थर्मोस्टॅट पाण्याच्या भांड्यात तापमापकासह तापवून त्याचे उघडणे पाहता येते. थंड पाण्यात तो पूर्ण बंद असावा. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्याने तेथे पाणी साधारण ९८ अंशांना उकळते. उघडण्याचा आरंभ तपासण्यास हे पुरेसे आहे; मात्र काही थर्मोस्टॅट उकळत्या पाण्यातही पूर्ण उघडत नाहीत, म्हणून तेवढ्यावरून ते बाद ठरवू नयेत.

परिणाम

थंड इंजिनात इंधनाचे बाष्पीभवन नीट होत नाही. नियंत्रण-संगणक इंधनाचे प्रमाण वाढवतो. त्यातील न जळालेला अंश सिलिंडरच्या भिंतींवरून वंगण तेलात उतरतो. ज्वलनातून निर्माण झालेली वाफही तेलात साचून गाळ तयार होतो. परिणामी झीज आणि गंज वाढतात. आधुनिक डिझेल गाड्यांत धुराच्या गाळणीची स्वयंस्वच्छताही अडू शकते.

उपाय व गैरसमज

दोष थर्मोस्टॅटचा असल्यास निर्मात्याने ठरवलेल्या तापमानाचाच नवा थर्मोस्टॅट व नवे गॅस्केट बसवून, योग्य कूलंट भरून प्रणालीतील हवा काढतात. रेडिएटरसमोर पुठ्ठा किंवा गोणपाट लावणे हा तात्पुरता उपाय असून चढावर त्यामुळे इंजिन अतितप्त होऊ शकते. उन्हाळ्यात इंजिन तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची पद्धत काही ठिकाणी आढळते. तिने उन्हाळ्यातील मूळ दोष, उदाहरणार्थ तुंबलेला रेडिएटर, तसाच राहतो. पर्यायी मार्ग बंद करणारी दुहेरी झडप असलेल्या इंजिनात तर थर्मोस्टॅट काढल्यावर कूलंटचा काही भाग रेडिएटरला वळसा घालून परततो आणि इंजिन उलट अधिक तापू शकते.