व्यसनमुक्ती गटांतील मार्गदर्शक आणि अधिकाराचा दुरुपयोग

बंगळुरूच्या दक्षिण भागातील जयनगर ही १९४८ साली आखण्यात आलेली नियोजित वसाहत. तिच्या पूर्वेस होसूर रस्त्यावर राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्था, म्हणजेच निम्हान्स आहे. या संस्थेच्या व्यसनोपचार विभागात दक्षिण भारतातूनच नव्हे, तर महाराष्ट्रातूनही रुग्ण येतात. काही आठवड्यांच्या उपचारांनंतर रुग्ण घरी परततो आणि तेथून पुढचा, अधिक लांबचा प्रवास सुरू होतो. या प्रवासात अनेकांना आधार मिळतो तो समदुःखी माणसांच्या गटाचा आणि त्या गटातील एखाद्या ज्येष्ठ सदस्याचा. हा आधार बहुतांशी हितकारक ठरतो. मात्र ज्येष्ठ सदस्याच्या हाती येणाऱ्या अनौपचारिक अधिकाराचा दुरुपयोग झाल्याच्या घटनाही जगात घडल्या असून, या विषयाची चर्चा आपल्याकडे अभावानेच होते.

अशा गटांचे मूळ अमेरिकेत आहे. बिल विल्सन हे शेअर दलाल आणि डॉ. बॉब स्मिथ हे शल्यविशारद, दोघेही मद्यासक्त. १९३५ साली ओहायो राज्यातील ॲक्रन येथे त्यांची भेट झाली आणि त्यातून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही चळवळ उभी राहिली. भारतात ती १९५७ साली आली. अमली पदार्थांचे व्यसन असणाऱ्यांसाठी नार्कोटिक्स ॲनॉनिमस, तर कुटुंबीयांसाठी अल-ॲनॉन अशा शाखोपशाखा पुढे निर्माण झाल्या. गटात प्रवेशशुल्क नाही, नोंदवही नाही, आडनाव सांगण्याची सक्ती नाही. मद्य सोडण्याची इच्छा एवढीच सदस्यत्वाची अट.

नव्या सदस्याला बारा पायऱ्यांच्या मार्गावरून नेणाऱ्या जुन्या सदस्यास 'स्पॉन्सर' म्हणतात. मराठीत या शब्दास समर्पक प्रतिशब्द रुळलेला नाही. 'प्रायोजक' म्हटले की क्रिकेटचे सामने आठवतात. व्यवहारात महाराष्ट्रात 'दादा' आणि बंगळुरूत 'अण्णा' अशीच हाक मारली जाते. ही हाक प्रेमाची असली तरी वडीलकीचा मान देणारी आहे आणि वडीलधाऱ्यास नकार देण्याची आपल्याला सवय नसते, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

स्पॉन्सरपाशी पदवी नसते, त्याला मानधन नसते, त्याची नेमणूकही कोणी करीत नाही. त्याचे भांडवल एकच, स्वतःच्या व्यसनमुक्तीची वर्षे. तरीही त्याच्या हाती येणारी सत्ता मोठी असते. पाचव्या पायरीवर नवा सदस्य आपल्या आयुष्यातील चुका दुसऱ्या एका व्यक्तीपुढे उघड करतो. ही व्यक्ती बहुधा स्पॉन्सरच असते. चोरी, विवाहबाह्य संबंध, मुलांना केलेली मारहाण, कर्जे असे सर्व काही तेथे बोलले जाते. डॉक्टरावर गोपनीयतेचे कायदेशीर बंधन असते. स्पॉन्सरवर केवळ नैतिक बंधन असते. त्यातच व्यसनमुक्तीच्या पहिल्या महिन्यांत माणसाचा स्वतःच्या निर्णयशक्तीवरील विश्वास डळमळीत झालेला असतो. 'तुझ्याच डोक्याने तुला येथवर आणले, आता माझे ऐक', हे वाक्य अशा वेळी उपदेश वाटते आणि तेच नियंत्रणाचे साधनही होऊ शकते.

हा दुरुपयोग अनेक रूपांत दिसतो. उसने पैसे घेणे किंवा फुकट कामे करवून घेणे हे त्यातील सौम्य प्रकार. नवख्या सदस्याशी, विशेषतः स्त्रीशी, लैंगिक संबंध प्रस्थापित करण्याच्या प्रकारास अमेरिकेतील सदस्य उपहासाने 'तेरावी पायरी' म्हणतात. अशा प्रकारास स्वतंत्र नाव पडावे इतका तो परिचित आहे, ही बाब पुरेशी बोलकी आहे. तिसरा प्रकार औषधांसंबंधीचा. 'गोळ्या घेणे म्हणजे व्यसनच' असे सांगून नैराश्य किंवा द्विध्रुवी विकारावरील औषधे बंद करावयास लावली जातात. याचे परिणाम जिवावर बेतू शकतात. वास्तविक सदस्यांनी डॉक्टरची भूमिका घेऊ नये, असे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्याच पुस्तिकेत स्पष्टपणे बजावलेले आहे.

या संदर्भात दोन प्रकरणांचा उल्लेख नेहमी होतो. पहिले सिनानॉनचे. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसमधून बरे झालेल्या चार्ल्स डेडरिक यांनी १९५८ साली कॅलिफोर्नियातील सँटा मोनिका येथे हेरॉइनग्रस्तांसाठी ही निवासी संस्था काढली. हेरॉइनच्या व्यसनावर कोणापाशी उत्तर नव्हते, त्या काळात तेथील लोक खरोखर व्यसनमुक्त राहत होते. त्यामुळे संस्थेचा मोठा गौरव झाला. तेथील मुख्य उपचार म्हणजे 'गेम'. वर्तुळात बसून एका सदस्यावर इतरांनी शब्दांचा भडिमार करावयाचा आणि त्याचे ढोंग उघडे पाडावयाचे. पुढे सर्व निर्णय डेडरिक यांच्या एकट्याच्या हाती गेले. बरे झालेल्यांनीही संस्था सोडू नये असे ठरले. १९७७ च्या सुमारास पुरुषांवर नसबंदीचा आणि गर्भवती स्त्रियांवर गर्भपाताचा दबाव आणण्यात आला, तसेच विवाहित जोडप्यांना विभक्त होऊन नवे जोडीदार निवडावयास लावण्यात आले. ऑक्टोबर १९७८ मध्ये संस्थेविरुद्ध खटला जिंकणारे वकील पॉल मोरँट्झ यांच्या टपालपेटीत विषारी खुळखुळ्या साप सोडण्यात आला. सूचना मिळू नये म्हणून त्याच्या शेपटीचा खुळखुळा काढून टाकला होता. मोरँट्झ दंशानंतरही बचावले. १९८० साली डेडरिक यांनी कटाच्या आरोपास आव्हान दिले नाही. त्यांना परिवीक्षेवर सोडण्यात आले आणि १९९१ साली संस्था बंद पडली. सिनानॉनचा गैरव्यवहार जगापुढे आणणाऱ्या 'पॉइंट रेयेस लाइट' या छोट्या साप्ताहिकास १९७९ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले.

दुसरे प्रकरण वॉशिंग्टन परिसरातील मिडटाउन गटाचे. २००७ साली 'न्यूजवीक' आणि 'वॉशिंग्टन पोस्ट' यांनी या गटाच्या माजी सदस्यांचे आरोप प्रसिद्ध केले. तरुण मुलींना वयाने मोठ्या सदस्यांशी संबंध ठेवण्यास भाग पाडणे, घरच्यांशी संपर्क तोडावयास लावणे, औषधे बंद करावयास सांगणे असे त्यांचे स्वरूप होते. या गटाने आपला जीव वाचवला, असे सांगणारे सदस्यही होते. मध्यवर्ती कार्यालयाने गट स्वायत्त असल्याची भूमिका घेतली.

ही स्वायत्तता म्हणजे या प्रश्नाचा गाभा होय. चळवळीच्या बारा परंपरा १९५० साली स्वीकारण्यात आल्या. नेते हे विश्वस्त सेवक असून शासनकर्ते नव्हेत, असे दुसरी परंपरा सांगते. मध्यवर्ती सत्ता नसल्यामुळेच या चळवळीचा सिनानॉन झाला नाही, असे म्हणता येईल. परंतु सत्ता नाही म्हणून तक्रार ऐकणारा अधिकारीही नाही. एका गटाने दूर केलेला माणूस दुसऱ्या गटात जाऊन बसू शकतो. निनावीपणाचे कवच पीडितास मिळते, तसेच पीडा देणाऱ्यासही मिळते. उशिराने का होईना, २०१७ च्या सुमारास अमेरिकेतील कार्यालयाने सुरक्षिततेविषयी लिखित मार्गदर्शन प्रसिद्ध केले आणि पोलिसांकडे जाण्याने कोणत्याही परंपरेचा भंग होत नाही, हे त्यात नमूद केले. स्पॉन्सर आणि सदस्य यांच्यात, पुरुषाने पुरुषास व स्त्रीने स्त्रीस, अशी जोडी असावी, ही सूचना त्याहून जुनी आहे.

हे सर्व वाचून गटांकडे पाठ फिरवणे मात्र योग्य ठरणार नाही. २०२० साली कॉक्रेन संस्थेने २७ अभ्यासांचा आढावा घेतला. मद्यापासून पूर्णपणे दूर राहण्याच्या बाबतीत या मार्गाचे परिणाम अन्य प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस असल्याचे त्यात आढळले. भारतात तर गरज अधिकच तीव्र आहे. २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार मद्यावर अवलंबून असलेल्या ३८ व्यक्तींपैकी जेमतेम एकास कोणता तरी उपचार मिळतो. पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेल्या मुक्तांगण केंद्रात व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच कार्यकर्ते म्हणून उभी राहिली. अनुभवी माणसाचा शब्द रुग्णास पटतो, हे त्यामागील तत्त्व. मात्र केंद्रात अशा कार्यकर्त्यावर संस्थेची देखरेख असते. खुल्या गटातील स्पॉन्सरवर ती नसते.

कायद्यातही हाच फरक दिसतो. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ मध्ये मद्य व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित अवस्थांचा मानसिक आजारात समावेश आहे. उपचार देणाऱ्या आस्थापनांना नोंदणी सक्तीची असून रुग्णास क्रूर व अपमानास्पद वागणुकीपासून संरक्षण आहे. आठवड्यातून एकदा भरणारा आणि उपचाराचा दावा न करणारा गट या चौकटीत सहसा बसत नाही. तेथे सर्वसाधारण फौजदारी कायदाच लागू होतो. भारतीय न्याय संहितेचे कलम ६८ हे अधिकारपदाचा किंवा विश्वासाच्या नात्याचा गैरफायदा घेऊन ठेवलेल्या लैंगिक संबंधांविषयी आहे. स्त्री आरोपीच्या ताब्यात, देखरेखीखाली किंवा त्या आवारात असावी, अशी अट त्यात आहे. स्पॉन्सरचे नाते या व्याख्येत कितपत बसेल, हे न्यायालयानेच ठरवावयाचे आहे.

तोपर्यंत नव्या सदस्यास काही गोष्टी ठाऊक असणे इष्ट. स्पॉन्सर केव्हाही बदलता येतो, त्यासाठी कोणाच्याही परवानगीची आवश्यकता नसते. औषधांचा निर्णय फक्त डॉक्टरचा. पैशांचा व्यवहार, एकांतातील भेटींचा आग्रह आणि घरच्यांपासून तोडण्याचा प्रयत्न ही धोक्याची लक्षणे समजावीत. गटात मन रमत नसल्यास शहरात दुसरा गट शोधावा. व्यसनमुक्तीविषयक माहितीसाठी केंद्र शासनाची १४४४६ ही आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसची १४४१६ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा उपलब्ध आहे. २०२२ साली सुरू झालेल्या टेलिमानसचे शीर्ष केंद्र निम्हान्स येथेच आहे.