गल्लींतील क्रूस

हिंगोलीकडील आपलीं मुलें पोटासाठीं मुंबईसारख्या अठरापगड नगरींत जातात, तेव्हां त्यांच्या श्रद्धेची काळजी आईबापांस लागते. मुंबईच्या ईस्ट इंडियन कॅथलिकांचा इतिहास त्यांस धीर देईल.

हे लोक मूळचे वसई, साष्टी व मुंबई येथील शेतकरी, कोळी व कारागीर. १५३४ सालीं वसई पोर्तुगीजांकडे गेल्यावर त्यांचे पूर्वज ख्रिस्ती झाले. पुढें त्यांच्या गांवठाणांभोंवतीं गिरण्या, आगगाडी व नाटकगृहें आलीं. पारशी, गुजराथी, मुसलमान असे नाना धर्मांचे शेजारी आले. तरी मराठी बोली व लुगडें सुटलें नाहीं. १८८७ सालीं त्यांनीं ईस्ट इंडियन हें नांव धारण केलें. १८९६ सालीं प्लेगनें शहर हादरलें, तेव्हां त्यांनीं गल्लोगल्लीं क्रूस उभारले व तेथें एकत्र जपमाळ म्हटली. गिरगांव-वांद्र्याकडे असे अनेक क्रूस आजही उभे आहेत. वांद्र्याच्या मोतमाउलीच्या सप्टेंबरांतील जत्रेस तर सर्व धर्मांचे लोक मेणबत्त्या घेऊन येतात.

ते शहराला भ्याले नाहींत व शेजाऱ्यांपासून दूरही राहिले नाहींत. भर रस्त्यांत, सर्वांदेखत त्यांनीं प्रार्थना केली. मुलांना शहरापासून राखणें आपल्या हातीं नाहीं. मात्र तीं गांव सोडण्यापूर्वीं घरांत रोज जपमाळेची संवय लावणें सर्वस्वीं आपल्या हातीं आहे.